अक्कांचा पहारा

खोली दाखवण्याआधी अक्कांनी मला विचारलं, "तुज बोट लागते का?"

मी तंजावूरला भाड्याची खोली बघायला गेलो होतो. राजवाड्यामागची ती गल्ली, दोन्ही बाजूंना उघडी गटारं, मध्ये एक सुस्त म्हैस. समुद्र तिथून बसने अख्खी सकाळ घालवावी इतका लांब. मी म्हटलं, "नाही लागत."

"मग वरची खोली घे," अक्का म्हणाल्या. "वर हालतं जास्त."

मी ती खोली घेतली. स्वस्त होती, आणि घरमालकिणीच्या डोक्यात थोडा फरक असला तर भाडेकरूचा फायदाच होतो, असा माझा तेव्हा अनुभव होता.

देशाने नुकतीच आपली दारं उघडली होती. त्या दारांतून आत आलेल्या एका थंडपेयाच्या कंपनीचे फ्रिज दुकानादुकानांत ठेवायचे, हे माझं काम. तंजावूरला मराठी माणसं आहेत, तू मराठी आहेस, तुझं जमेल, असं साहेबांनी पुण्यात बसून ठरवलं होतं. तिथली मराठी मला पहिले दोन महिने नीट कळली नाही, आणि माझी त्यांना उर्मट वाटली. तीनशे वर्षं तमिळमध्ये मुरलेली ती भाषा. वाक्य चढत चढत जायचं आणि शेवटी पायरी चुकल्यासारखं खाली यायचं. अक्कांचं बोलणं मी इथे बरंचसं माझ्या मराठीत आणून लिहितो आहे. अधूनमधून एखादं "जालं", एखादं "होव" राहू दिलं आहे, कारण ते काढलं की अक्का राहत नाहीत.

गल्लीतल्या प्रत्येक घराचा पूर्वज राजांबरोबर घोड्यावर बसून आला होता. एवढ्या घोड्यांना दाणा कोण घालत होतं, हे विचारायची सोय नव्हती. अक्कांनी मात्र पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आमचा पूर्वज मुदपाकखान्यात होता. भांडी मोजायचा. एक कमी भरलं म्हणून पळाला, आणि राजाची फौज इकडेच येत होती, तिच्यात मिसळला." त्या दिवसापासून मी त्यांना मानू लागलो.

त्यांच्या घरात कुठलीही वस्तू मोकळी उभी नसे. फळ्यांना पुढून पट्ट्या ठोकलेल्या. पेले आकड्यांना टांगलेले. बरण्या एकमेकींना दोरीने बांधलेल्या, आणि ती गाठ अशी की एका हाताने ओढली की सुटावी. मी एकदा चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला, तर त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला. "पडणारी वस्तू पडतेच," त्या म्हणाल्या. "कधी पडायची ते आपण ठरवायचं."

आंघोळीला एक चोंबूभर, म्हणजे तांब्याभर पाणी, त्याहून जास्त नाही. नळाला भरपूर पाणी असतानाही. मी नळ सोडून दाढी करू लागलो की खाली अक्का श्वास रोखून बसत, आणि मी नळ बंद केला की त्यांचा सुस्कारा मला वरपर्यंत ऐकू येई. दुपारी जेवण झालं की मिठाच्या बरणीत बोट घालून बघायच्या. "कोरडं," म्हणायच्या. हा एवढा एक शब्द त्या ज्या चवीने उच्चारत, त्या चवीने मी लोकांना जिलबी खाताना पाहिलेलं नाही.

रोज सकाळी मागच्या खिडकीत उभ्या राहून एक डोळा मिटायच्या. शेजारच्या परसातला माड आणि त्यामागे लांबवर मोठ्या देवळाचा कळस, हे दोन्ही एका ओळीत आले की मान हलवायच्या आणि चुलीकडे वळायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नांगर धरून आहे ना, ते बघायला नको? किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या. त्या एकमेकींपासून सरकल्या, म्हणजे आपण सरकलो."

"अक्का, हे घर आहे."

"घर आहे म्हणून तर. बोट सरकली तर आवाज करते."

हे सगळं कुठून आलं, ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. अक्कांचे यजमान मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. नोकरी लवकर सोडली आणि कोचीला एका गोऱ्या म्हाताऱ्याने आजारपणामुळे टाकून दिलेली शिडाची बोट घेतली. मूलबाळ नव्हतं. घराला कुलूप लावून दोघं त्या बोटीवर राहायला गेली. सहलीला नव्हे, राहायला. कोची, मंगळूर, गोवा, परत खाली, वळसा घालून नागपट्टणम, कारैकाल, पुदुच्चेरी. लंकेकडे युद्ध पेटलेलं, त्यामुळे त्या बाजूला जायचं नाही. गल्लीतले लोक ही हकिगत सांगताना डोळे मोठे करत आणि राजांच्या आरमाराची आठवण काढत. अक्का सांगत त्यात आरमार नसे. खाऱ्या पाण्यात धुतलेलं लुगडं कधीच वाळत नाही, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. इडलीचं पीठ आंबतं, पण हेलकाव्याने बसतं. तळात साचलेलं पाणी रोज उपसायचं, आणि ते कुठून येतं ते कधीच सापडत नाही. संडासाचा पंप बिघडला की नवराबायकोत जे बोलणं होतं, त्यानंतर भांडणाचं काही उरत नाही. "सूर्यास्त?" मी एकदा विचारलं. "असायचा," अक्का म्हणाल्या. "त्या वेळेला मी रॉकेलचा स्टो पेटवत असे."

त्या झोपत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. म्हणजे झोपत, पण तुकड्यांनी. थोड्या वेळाने उठून बसत, दार उघडून आकाश बघत, परत आडव्या होत. दुपारी मात्र अजिबात नाही. सगळी गल्ली जेवून निपचित पडलेली असताना अक्का ओट्यावरच्या खुर्चीत ताठ बसलेल्या. हातात काही नाही. उजवा हात मात्र बाजूला, हवेत, खुर्चीच्या हातापासून थोडा वर, जसा कशावर तरी टेकलेला असावा. मी फ्रिजची कामं आटपून घरी यायचो तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "वारा फिरला." गल्लीत पान हलत नसायचं.

एका दुपारी त्या ओरडल्या, "अहो! उठा! सुटला!" शेजारच्या मामी धावत आल्या, मी जिन्यावरून आलो. अक्का उभ्या होत्या, समोरच्या भिंतीकडे बघत. मग हळूहळू बसल्या. "जालं," म्हणाल्या. "धरला परत." मामींनी माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. मीही हसलो.

त्याच सुमारास शेजाऱ्याने छपरावर टीव्हीची मोठी छत्री बसवली आणि झावळ्या तिच्यावर पडतात म्हणून माड तोडला. सकाळी अक्का खिडकीशी आल्या आणि तिथेच राहिल्या. चूल पेटली नाही. त्या दिवशी त्यांनी घरातली प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधली. मला दया आली. मी म्हटलं, "अक्का, माड गेला तर ती छत्री धरा. लोखंडाची आहे, वाऱ्याने हलत नाही." त्यांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी बराच वेळ डोळा मिटून उभ्या होत्या. संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, "सरकलंय रे. थोडंसं. पूर्वेला."

मी पुन्हा हसलो. वर गेलो. माझ्या खोलीचं दार सोडलं की आपोआप लागत असे. मी ते उघडलं, सोडलं. ते उघडंच राहिलं. लाकूड हवेने फुगतं, आकसतं. मला सगळं माहीत होतं. तरी मी ते चारपाच वेळा करून पाहिलं.

मग अक्का आजारी पडल्या. हात कापू लागले, जिन्यावरून घसरल्या, बोलता बोलता वाक्य विसरू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं. "हिला झोप नाही. कित्येक वर्षांची. हृदय थकलंय. असंच चाललं तर पोंगल दिसणार नाही." झोपेच्या गोळ्या दिल्या. अक्का त्या घेऊन आडव्या होत आणि दचकून ताठ उठून बसत. गोळीमुळे डोळे मिटलेले, पण बसलेल्या, उजवा हात हवेत. तसं झोपलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर बघायची इच्छा नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं. "तू नागपट्टणमला जातोस ना, त्या तुझ्या फ्रिजांसाठी?"

"जातो."

"तिथे बोटीवर हे आहेत. ह्यांना सांग, माझा पहारा घ्या म्हणून."

मग त्यांनी समजावून सांगितलं, मुलाला सांगावं तसं. बोटीवर माणसं दोन. एक झोपला की दुसऱ्याने जागायचं, नांगर टाकलेला असला तरी. पाळी संपली की झोपलेला वर येतो. जागणारा त्याला सांगतो, वारा कुठला, आसपास कोण, कशावर लक्ष ठेवायचं. वर आलेला म्हणतो, "घेतला." हा शब्द कानावर आल्याशिवाय जागणाऱ्याने डोळा मिटायचा नाही. हा एकच नियम. बाकी सगळे मोडले तरी चालतात.

"आणि तुम्ही?"

"मी उतरले. पहारा माझा होता."

"भांडण झालं होतं?"

"भांडण कसलं. मिरच्या संपल्या होत्या. नागपट्टणमला खाडीच्या तोंडाशी उभे होतो. हे खाली झोपलेले. कोळ्याची होडी जवळून जात होती, तिला हात केला. बाजारात मिरच्या घेतल्या. स्टँडवर तंजावूरची बस उभी. सहज आत डोकावले. बाकडं कोरडं होतं रे. मी कितीतरी वर्षं कोरड्यावर बसले नव्हते. म्हटलं, जरा बसून बघू."

"आणि बस सुटली."

"होव. मिरच्या मांडीवर."

"मग परत का नाही गेलात?"

अक्कांनी मिठाच्या बरणीकडे पाहिलं. "गेले असते तर पुन्हा उतरता आलं नसतं," त्या म्हणाल्या.

नागपट्टणमला मी दुकानं आटपली आणि एका कोळ्याला विचारलं. त्याला पत्ता सांगावा लागला नाही. "अय्यांची बोट," म्हणाला, तमिळमध्ये अय्या म्हणजे साहेब, आणि होडी ढकलली. दुपार होती. खाडीचं पाणी इतकं सपाट आणि पांढरं की बघवत नव्हतं. बोट त्यावर डाग पडल्यासारखी उभी. काका, म्हणजे अक्कांचे यजमान, वर येऊन बसले होते. उन्हाने वाळलेला, बारीक, हसरा माणूस. मी पाय ठेवला तशी बोट माझ्या बाजूला कलली आणि सरळ झाली.

"ह्या बोटीवर चोराचं काम नाही," काका म्हणाले. "कोण चढलं, कोण उतरलं, झोपेतसुद्धा कळतं. वजन कळतं."

त्यांनी कॉफी केली. स्टो झुलत्या चौकटीत, पेले आकड्यांना. मी अक्कांचा भाडेकरू म्हटल्यावर चेहरा उजळला. "कशी आहे? मिरच्या आणायला गेलीय."

"त्याला बरेच दिवस झाले, काका."

"तिला बाजारात वेळ लागतो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मिस्कीलपणा होता, वेड नव्हतं. ते पाहून मला जास्त अस्वस्थ वाटलं.

मी निरोप सांगितला. डॉक्टर काय म्हणाले तेही. काका पेला धरून बसून राहिले. "झोपतच नाही?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं होतंच. कारण ह्या बोटीला काही होत नाही. मी दुपारचा झोपतो. मेल्यासारखा झोपतो. गस्तीची जहाजं जातात, मोठी लाकडं वाहत येतात. मध्यंतरी एकदा नांगर सुटला होता. मला तिने हाक मारून उठवलं. 'अहो, उठा, सुटला.' वर आलो तर बोट दगडांपासून एवढ्यावर."

ते कधी, हे मी विचारलं नाही. दिवस जुळले नसते तर प्रश्नच नव्हता. जुळले असते तर माझी पंचाईत झाली असती.

"मग घ्या ना त्यांचा पहारा," मी म्हटलं. "एक शब्द तर म्हणायचाय."

"आणि मग मी केव्हा झोपू? एकट्याने बोटीवर राहणारा माणूस झोपला की बुडतो. आज नाही तर उद्या." ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते.

"बोट सोडून घरी चला."

"पहारा चालू असताना?"

मला हसू आलं असावं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, कोण उतरलं ते तुम्हाला झोपेत कळतं. अक्का उतरल्या तेव्हा नाही कळलं?"

"कळलं की."

"मग उठला का नाहीत?"

"उठलो असतो तर ती थांबली असती," काका म्हणाले.

त्यांनी पेले धुतले, समुद्राच्या पाण्यात, मग गोड्या पाण्याच्या घोटभर धारेत. पुसले, टांगले. मग माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "तू घे."

"काय?"

"तिचा. दोघांपैकी कोणीतरीच घ्यायला पाहिजे, असं काही लिहिलेलं नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं. होडीवाला परत यायला अवकाश होता. समोर एक सभ्य म्हातारा माणूस बसलेला, आणि तिकडे एक बाई मरायला टेकलेली. मोठमोठ्या सभांत मी याहून फालतू शपथा उभं राहून घेतल्या होत्या. काकांनी सांगितलं, वारा आग्नेयेचा, आता पडलेला. डावीकडे दोन पडाव, नांगरलेले. दीपस्तंभ आणि चर्चचा कळस एका ओळीत ठेव. मी म्हटलं, "घेतला."

काका खाली गेले आणि लगेच घोरू लागले.

मी बसून राहिलो. काही करायचं नव्हतं. पाणी हलत नव्हतं, शीड गुंडाळलेलं, दोऱ्या सैल. माझ्या समोरच्या बाजूला, सुकाणूच्या दांड्यापलीकडे, रिकामी फळी होती, पाठ लागून लागून गुळगुळीत झालेली. आणि त्या शांत पाण्यात बोट हलली. मी चढलो होतो तेव्हा हलली होती तशी, पण उलट. समोरची बाजू आधी किंचित खाली दबली, जसा कोणी उठण्याआधी पाय रोवतं, आणि मग हलकी होऊन वर आली. बोट माझ्या बाजूला झुकली आणि झुकलेलीच राहिली. आता तिच्यावर, वर, फक्त माझं वजन होतं.

मी खूप वेळ त्या फळीकडे पाहिलं. लाटेची अनेक कारणं असतात. लांबून एखादं जहाज गेलं असेल.

होडीवाला आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मला शेवटची बस मिळावी म्हणून तो घाई करत होता. मी खाली वाकून हाक मारली, "काका! काका, मी निघतो." घोरणं थांबलं नाही. मी आणखी एकदा हाक मारली, फार मोठ्याने नाही. माणूस इतका गाढ झोपलेला असताना त्याला उठवायचं कशासाठी? मी होडीत उतरलो. बोट सरळ झाली.

तंजावूरला पोचलो तर मामी दाराशी, तोंडावर बोट ठेवून. आत जमिनीवर अक्का कुशीवर झोपल्या होत्या. हात उशाखाली. "दुपारपासून," मामी कुजबुजल्या. "माझ्याशी बोलत होती. मध्येच म्हणाली, 'सुटले गं बाई,' आणि आडवी जाली. मज वाटलं गेलीच. पण श्वास आहे."

त्या तशाच झोपून राहिल्या. उठून पेज प्यायच्या आणि परत झोपायच्या. पोंगल त्यांनी पाहिला. त्यानंतरचेही कितीतरी पाहिले. थोड्या दिवसांनी काका बसने आले, एक पिशवी घेऊन. बोट कोळ्यांना देऊन टाकली होती. आता ते दोघं दुपारी दार उघडं टाकून पंख्याखाली घोरत पडत. बरण्यांच्या दोऱ्या सुटल्या. अक्का नळ सोडून भांडी घासू लागल्या, संध्याकाळी मामींकडे टीव्हीवरची मालिका बघायला जाऊ लागल्या आणि मला तिची गोष्ट सांगू लागल्या. बरं झालेलं माणूस लिहिणाऱ्याच्या काही कामाचं राहत नाही.

माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला खाली गेलो. तोवर मला जाग यायला लागली होती. थोडी झोप, मग जाग, मग आकाश बघावंसं वाटणं. मी हसत हसत म्हटलं, "काका, अक्का, माझा पहारा कोण घेतंय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. काकांनी मान खाली घातली. अक्कांनी माझा हात हातात घेतला, थोपटला, आणि म्हणाल्या, "जेवून जा रे."

दोघंही आता नाहीत. आधी काका गेले, मग अक्का. दोघंही झोपेत, असं मामींनी फोनवर सांगितलं. ते ऐकून बरं वाटलं.

मी डॉक्टरांना दाखवलं आहे. ते वय म्हणतात, आणि वय आहेच. ह्या असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पुण्यातल्या घराच्या बाल्कनीत मी दुपारी बसतो, एवढंच. समोर पाण्याची टाकी आहे, तिच्यामागे टेकडीवरचा मनोरा.

परवा बायको बाहेर आली. माझ्याकडे बघत राहिली. बरीच वर्षं ती बघतेच आहे. "किती ओढलेत डोळे," म्हणाली. "जा, पडा जरा. मी बसते इथे. सांगा, काय बघायचं असतं?"

सांगायला फार काही नव्हतं. वारा पश्चिमेचा होता. खाली दोन गाड्या उभ्या होत्या. वाक्य तोंडात तयार होतं, आणि मी ते बोललो असतो तर ती काय म्हणाली असती तेही मला ठाऊक होतं. अक्कांची गोष्ट तिने माझ्याकडून कितीदा तरी ऐकली आहे, आणि तिला चेष्टा करायची खोड आहे.

"काही नाही," मी म्हटलं. "तू झोप."